लहान मुलाचे श्वास अचूक कसे मोजावेत: नव्यांसाठी पायरीपायरीने

खोकला किंवा सर्दी झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलात न्यूमोनियाची शंका घ्यायची की नाही, हे ठरवायला जगभर वापरलं जाणारं सगळ्यात साधं मोजमाप म्हणजे मिनिटाला श्वास किती. रक्त काढावं लागत नाही, फोटो काढावा लागत नाही. मिनिटभर पोटाकडे बघायचं आणि मोजायचं. काम इतकं सोपं वाटतं की ते नीट शिकवण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. मग कुणी १५ सेकंद मोजून चारने गुणतं, कुणी रडत्या मुलावरच मोजतं, तर कुणी लांबून नजर टाकून ‘तीस’ लिहून मोकळं होतं.

हा लेख हे काम नव्याने करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी, परिचारिकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आहे. आजारी मूल घरी सांभाळणाऱ्या आईवडिलांनाही तो उपयोगी पडेल. मात्र आईवडिलांनी आलेला आकडा डॉक्टरांना सांगावा, त्यावरून घरीच औषध सुरू करू नये. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बहुतेक चुका मोजणी सुरू होण्याआधीच होऊन गेलेल्या असतात, त्यामुळे खाली तयारीवर बराच वेळ घालवला आहे.

श्वास का वाढतो

न्यूमोनियात फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे पाण्याने-पूने भरतात आणि फुप्फुस कडक होतं. एका श्वासात पूर्वीइतकी हवा आत जात नाही. ती तूट भरून काढायला मूल उथळ पण भराभर श्वास घेतं. एक्स-रेची सोय नसलेल्या ठिकाणी याच खुणेवर भर देण्याचं काम १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका इथे फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही खूण आपल्या मार्गदर्शनात घेतली आणि वयानुसार मर्यादा ठरल्या:

- २ महिन्यांपेक्षा लहान बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त
- २ महिने पूर्ण ते १२ महिने पूर्ण होईपर्यंत: ५० किंवा जास्त
- १२ महिने पूर्ण ते ५ वर्षं पूर्ण होईपर्यंत: ४० किंवा जास्त

यातला ‘किंवा’ नीट वाचा. बरोबर ५० आले तरी ते जलदच. ‘पन्नासच्या वर’ असं पाठ केलेले लोक नेमक्या ५० वर चुकतात.

मोजत बसू नये अशी वेळ

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर आकड्यासाठी थांबू नका, मुलाला लगेच रुग्णालयात हलवा. मूल काही पिऊ शकत नाही किंवा अंगावर ओढत नाही, पोटात जाईल ते सगळं उलटून टाकतं, आकडी आली आहे, मलूल आहे आणि उठवूनही नीट जागं होत नाही, ओठ किंवा जीभ निळसर दिसते, शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो, दर श्वासाला कण्हतं, किंवा पल्स ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली आहे. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप येणं, अंग गार पडणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं, हेही याच यादीत धरा.

लागणारं साहित्य

- ६० सेकंदांचा टायमर, संपल्यावर आवाज किंवा थरथर करणारा
- मुलाची जन्मतारीख (लसीकरण कार्डावर असते)
- थर्मामीटर, पण तो मोजणी झाल्यावर
- नाक मोकळं करायला सलाइनचे थेंब आणि मऊ कापड
- लिहायला कागद-पेन
- असल्यास लहान मुलांच्या मापाचा पल्स ऑक्सिमीटर

स्टेथोस्कोप या यादीत मुद्दामच नाही. त्याचं कारण पाचव्या पायरीत येईल.

१. वय पूर्ण झालेल्या महिन्यांत काढा

मर्यादा वयावर आहे, म्हणून वय चुकलं की मोजणी अचूक असूनही निष्कर्ष चुकतो. मिनिटाला ४८ श्वास हे ११ महिन्यांच्या मुलात जलद नाहीत, १३ महिन्यांच्या मुलात जलद आहेत. मूल तेच, फरक फक्त दोन महिन्यांचा.

आपल्या बोलण्याची सवय इथे घात करते. ‘दुसरा महिना चालू आहे’ म्हणजे पूर्ण झालाय एकच, तेव्हा मर्यादा ६०ची. ‘दुसरं वर्ष लागलं’ म्हणजे एक पूर्ण झालं, तेव्हा मर्यादा ४०ची. पण ‘वर्षाचा आहे’ असं म्हणताना कुणी दहा महिन्यांचं मूल सांगत असतं, कुणी चौदा. म्हणून वय विचारू नका, जन्मतारीख विचारा आणि महिने स्वतः मोजा. कार्ड हाताशी नसेल तर एखाद्या पक्क्या आठवणीवरून तारीख शोधा. ज्या दिवशी १२ महिने पूर्ण होतात, त्या दिवसापासून ४०ची मर्यादा लागू.

२. श्वास आधी, बाकी सगळं नंतर

मूल समोर आलं की हात आपोआप थर्मामीटरकडे जातो. तो आवरा. काखेत गार थर्मामीटर गेला, घसा बघायला चमचा आला, वजनकाट्यावर ठेवलं, की मूल रडणारच, आणि पुढची दहा मिनिटं मोजणी विसरा.

क्रम असा ठेवा: आईशी किंवा सोबतच्या माणसाशी बोलणं, बोलता बोलता लांबूनच मुलाकडे बघणं, श्वास मोजणं, छाती आत ओढली जाते का बघणं, आवाज ऐकणं. मग ताप, वजन, घसा, कान. झोपलेलं मूल आलं तर उठवू नका. झोपेतला श्वास मोजायला सगळ्यात सोपा असतो. काय करणार आहात ते आईला आधी सांगा: ‘मी मिनिटभर फक्त पोटाकडे बघणार आहे, तोवर बोलणार नाही, तुम्हीही हलवू नका.’ हे सांगितलं नाही तर मधेच आई मूल थोपटायला लागते किंवा काहीतरी विचारते, आणि मोजणी तुटते.

३. मूल खरंच शांत आहे का, बघा

रडणारं, चिडलेलं, हात-पाय झाडणारं मूल मोजू नका. रडताना श्वास वाढतोही आणि तुटकही होतो. तो आकडा कशाचाच नसतो. रडणं थांबल्यावरही लगेच सुरू करू नका, हुंदके पूर्ण जाऊ द्या. पाच-दहा मिनिटं द्यायची तयारी ठेवा. मुलाला आईच्या मांडीवरच राहू द्या. तपासणीच्या टेबलावर ठेवून तुम्ही फक्त रडण्याची सोय करता.

अंगावर पीत असताना मोजू नका. ओढणं आणि गिळणं यामुळे श्वास थांबत-सुटत चालतो आणि पोटाची हालचाल भलतीच दिसते. पिऊन झालं की थोडा वेळ जाऊ द्या. उचकी चालू असेल तर ती थांबेपर्यंत वाट बघा. मूल नुकतंच उन्हातून, घट्ट गुंडाळलेलं आलं असेल तर दुपटं सैल करा आणि काही मिनिटं थांबा.

नाक चोंदलेल्या तान्ह्या बाळात विशेष सावध राहा. तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक बंद असलं तर घरघर ऐकू येते, बाळ अस्वस्थ होतं आणि छातीही थोडी आत जाते. सलाइनचे थेंब घालून नाक मऊ कापडाने पुसा, बाळ पुन्हा शांत होऊ द्या, मग मोजा. नाक साफ करताना ते रडणारच, ती वेळ आधीच धरून चला.

तापाचं काय? ताप असला की श्वास वाढतो, हे खरं. म्हणून ‘ताप आहे, त्यामुळेच असेल’ म्हणत आकडा बाजूला ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. आत्ता जो आकडा आला तो लिहा आणि त्यावरून जे करायचं ते करा. ताप उतरल्यावर पुन्हा मोजायला हरकत नाही, पण ताप उतरण्याची वाट बघत पहिली मोजणीच टाळली, तर खरा न्यूमोनियाही त्याच सबबीखाली निसटतो.

४. कपडे, उजेड आणि तुमची जागा

झबलं किंवा सदरा पोटापासून छातीच्या खालच्या भागापर्यंत वर करा. पूर्ण उघडं करण्याची गरज नाही. थंडी वाजली की मूल कुरकुर करतं. कपड्यावरून मोजायचा प्रयत्न करू नका. स्वेटरखाली पोट हलतंय की आईचा हात, हे कळत नाही.

मूल कमरेत वाकलेलं नसावं. मांडीत मुटकुळं करून धरलेल्या मुलाचं पोट दुमडलेलं असतं, त्यामुळे पोटाची हालचालही दिसत नाही आणि छाती आत जाते का तेही कळत नाही. आईला म्हणा, ‘बाळाला मांडीवर जरा आडवं, सरळ घ्या.’ एवढ्यानेच अर्धी अडचण सुटते.

तुम्ही समोरून वाकून बघू नका. बाजूला बसा आणि डोळे मुलाच्या पोटाच्या पातळीला आणा. वरून बघितलं तर पोट वर-खाली होणं चपटं दिसतं, बाजूने बघितलं तर त्याची कड उठून दिसते. उजेड तुमच्या पाठीमागून नको, मुलाच्या एका बाजूने हवा, म्हणजे पोट उडताना सावली हलते. अंधाऱ्या खोलीत मूल खिडकीपाशी न्या.

५. बघायची जागा एकच धरा

तान्हं बाळ आणि लहान मूल मुख्यतः पोटाने श्वास घेतं. म्हणून छातीपेक्षा पोट किंवा छाती-पोटाची सीमा बघा. तिथली एखादी खूण पकडा: बेंबीच्या वरचा भाग, कपड्याची घडी, एखादा तीळ. नजर तिथून हलवायची नाही.

जागा एकच का, याला कारण आहे. खूप त्रास होणाऱ्या मुलात पोट बाहेर येतं तेव्हा छाती आत जाते, सी-सॉच्या दोन टोकांसारखं. अशा वेळी नजर कधी छातीवर, कधी पोटावर फिरली, तर एकाच श्वासाचे दोन मोजले जातात.

मोजायचं काय? पोट वर येऊन खाली जाणं, मिळून एक श्वास. नव्यांची सगळ्यात ढोबळ चूक हीच: वर गेलं एक, खाली आलं दोन. आकडा थेट दुप्पट होतो. पोट वर यायला लागलं की मोजा, खाली जाताना गप्प राहा.

हात ठेवून मोजावं का? शक्यतो नाही. गार हात लागला की श्वास बदलतो. स्टेथोस्कोपचंही तसंच: लावल्यावर मोजलेला आकडा लांबून बघून मोजलेल्यापेक्षा थोडा जास्त येतो, आणि या मर्यादा शांत मुलाकडे बघून मोजण्यासाठी आहेत. पोट फार उथळ हलत असेल आणि मूल झोपलेलं असेल, तर आईचाच हात हलकेच पोटावर ठेवायला सांगा आणि त्या हाताकडे बघा.

६. टायमर असा लावा की डोळे पोटावरून हलणार नाहीत

एका डोळ्याने घड्याळ आणि एका डोळ्याने पोट, हे जमत नाही. घड्याळाकडे बघायला अर्धा सेकंद जातो आणि मिनिटाला साठ श्वास घेणारं बाळ तेवढ्यात अर्धा श्वास घेऊन मोकळं होतं. शेवटच्या दहा सेकंदांत तर सारखं घड्याळाकडे बघितलं जातं.

फोनवर ६० सेकंदांचा टायमर लावा, शेवटी आवाज किंवा थरथर ठेवा. सुरू करण्याआधी फोन ‘व्यत्यय नको’वर टाका, चाळिसाव्या सेकंदाला आलेला कॉल मोजणी खातो. टायमरचा आवाज इतका मोठा नको की झोपलेलं मूल दचकेल. दुसरं माणूस असेल तर आणखी चांगलं: त्याने ‘सुरू’ आणि ‘थांबा’ म्हणायचं, मोजणाऱ्याने फक्त पोट बघायचं.

श्वास मोजण्यासाठीच बनवलेले काही टायमर दर सेकंदाला टिकटिक करतात आणि ३० सेकंदांना मधली बीप देतात. दोन सापळे त्यातच आहेत. पहिला, मोजणारा नकळत टिकटिकच मोजायला लागतो. मग कुठल्याही मुलाचा आकडा साठच्या आसपास येतो. दुसरा, मधल्या बीपला थांबणं. तुमचा टायमर मुलाविना दोन-तीनदा चालवून बघा, कुठे वाजतो ते कानाला कळू द्या.

सुरुवात श्वासाशी जुळवू नका. टायमर कुठल्याही क्षणी सुरू करा आणि त्यानंतर पोट वर यायला लागलेला पहिला श्वास ‘एक’ धरा. अर्धवट चालू असलेला श्वास सोडून द्या.

७. मनातल्या मनात मोजताना मराठी आकड्यांची अडचण

याबद्दल फार बोललं जात नाही, पण मराठीत मोजणाऱ्याची मोजणी इथेच घसरते. आपले वीसपुढचे आकडे लांब आहेत. ‘त्रेचाळीस’, ‘अठ्ठेचाळीस’, ‘एकोणपन्नास’: मनात म्हणायलाही वेळ लागतो. मूल सेकंदाला एक श्वास घेत असेल तर ‘एकोणपन्नास’ पुरतं म्हणून होईपर्यंत पुढचा श्वास सुरू झालेला असतो. मग आपण नकळत आकड्याच्या लयीत मोजायला लागतो, श्वासाच्या नाही.

त्यातही गंमत अशी, की एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ हे अडखळायला लावणारे शब्द नेमके तिन्ही मर्यादांच्या उंबरठ्यावर येतात. एकोणचाळीसनंतर पुन्हा तीसच्या घरात गेलेला मोजणारा तुम्हाला सरावात हमखास सापडेल.

उपाय सोपा आहे: दहापर्यंतच मोजा, पुन्हा एकपासून. दर दहाला एक बोट मिटा. मिनिट संपलं तेव्हा चार बोटं मिटलेली आणि तोंडात ‘सात’ असेल तर ४७. एक ते दहा हे सगळे छोटे शब्द, लय बिघडत नाही. ओठ हलवू नका, मोठं मूल तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं आणि हसतं किंवा घाबरतं. मोजण्यासाठी माळेचे मणी वापरले तरी चालतात, फक्त प्रत्येक श्वासाला एकच मणी सरकतो ना, हे सरावात तपासून घ्या.

८. मिनिट पूर्ण मोजा, गुणाकार नको

१५ सेकंद मोजून चारने गुणल्यावर काय होतं, ते आकड्यांतच बघा. दहा महिन्यांचं मूल, खरे श्वास मिनिटाला ४७. पंधरा सेकंदांत पावणेबारा. तुम्ही ११ मोजाल किंवा १२, म्हणजे ४४ किंवा ४८. सुरुवातीचा अर्धवट श्वास चुकून धरला की १३, म्हणजे ५२. एका श्वासाच्या चुकीने धडधाकट मूल न्यूमोनियाच्या रकान्यात गेलं. पूर्ण मिनिटात त्याच चुकीने ४८ दाखवले असते, आणि निर्णय बदलला नसता.

तान्ह्या बाळात हे आणखी बिघडतं. दोन महिन्यांखालची बाळं एका लयीत श्वास घेत नाहीत. भराभर काही श्वास, मग पाच-दहा सेकंद जवळजवळ काहीच नाही, मग पुन्हा भराभर. समजा अशा बाळाच्या चार पाव मिनिटांत १८, ९, १५ आणि १२ श्वास पडले. कुठलं पाव मिनिट हाती लागतं त्यावर गुणाकार ७२, ३६, ६० किंवा ४८ सांगेल. खरा आकडा ५४ आहे आणि तो या चारांत कुठेच नाही.

(थांबणं २० सेकंदांपर्यंत गेलं, किंवा थांबताना बाळ निळसर पडलं, तर ही नेहमीची लय नव्हे. ती आणीबाणी आहे.)

नोंदवही तपासणाऱ्यांसाठी एक खूण. पानभर आकडे ३२, ४०, ४४, ४८, ५२ असे सगळे चारने भाग जाणारे असतील, तर १५ सेकंदांचा गुणाकार चालू आहे. सगळे सम असतील तर अर्धं मिनिट. आणि प्रत्येक मुलापुढे ३० असेल, तर कुणी मोजतच नाहीये. खऱ्या मोजणीत ३७, ४१, ५३ असे वेडेवाकडे आकडे येतात.

९. मिनिट तुटलं तर, आणि आकडा काठावर आला तर

मधे मूल खोकलं, एकदा जांभई दिली, तर चालू ठेवा. खोकल्याचे झटके श्वास म्हणून धरू नका. पण मूल रडलं, उलटं वळलं किंवा तुमची मोजणी हरवली, तर ते मिनिट सोडून द्या आणि पहिल्यापासून सुरू करा. ‘चाळीस सेकंदांपर्यंत तीस झाले होते, म्हणजे...’ असं जोडकाम करू नका.

दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त आले, तर दुसऱ्यांदा पूर्ण मिनिट मोजायलाच हवं. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त आले, तर जलद श्वास पक्का.

मोठ्या मुलांत आकडा मर्यादेच्या दोन-तीन श्वासांच्या आत आला, तर पुन्हा मोजणं शहाणपणाचं. दोन मोजण्यांत पाचपेक्षा जास्त फरक पडला, तर मूल शांत नव्हतं किंवा मोजणारा चुकला. तिसऱ्यांदा मोजा आणि मधला आकडा घ्या. एक गोष्ट मात्र करू नका: मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत राहणं. किती वेळा मोजायचं हे आधी ठरवा. शंका उरलीच तर मूल जलद श्वासाचं धरून पुढे जा. त्यात नुकसान कमी आहे.

छातीत शिट्टीसारखा आवाज येणाऱ्या मुलाला श्वासनलिका मोकळी करणारं औषध वाफेतून किंवा पंपाने दिलं जातं. आधीचा आकडा लिहून ठेवा, औषधाचा परिणाम झाल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वेळेसह हवेत, नाहीतर पुढच्या माणसाला काय सुधारलं ते कळणार नाही.

१०. त्याच बैठकीत छाती बघून घ्या

श्वास मोजून झाले, मूल अजून शांत आहे, सदरा वरच आहे. हीच वेळ. मूल श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, म्हणजे शेवटच्या बरगड्यांची कड, आत जातो का बघा. निरोगी मुलात श्वास घेताना छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात.

ती आत जाते असं म्हणण्यासाठी तीन अटी: मूल शांत असताना, स्पष्ट दिसेल इतकी, आणि प्रत्येक श्वासाला. रडताना किंवा पिताना एखाद्या वेळी दिसली तर ती धरत नाहीत. फक्त दोन बरगड्यांमधली किंवा गळ्याच्या हाडावरची त्वचा आत जात असेल, तर तीही या खुणेत बसत नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाची छाती मऊ असल्याने थोडी आत जाणं नेहमीचंच. तिथे खोल, लांबूनही दिसणारं आत जाणं शोधा.

नाकपुड्या फुलतात का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, तेही याच वेळी टिपा.

११. लिहायचं काय

नुसता ‘४८’ काही सांगत नाही. नोंद अशी करा:

‘सकाळी १०:२०. वय १० महिने. श्वास ४८, पूर्ण मिनिट. जागं, शांत, आईच्या मांडीवर. नाक साफ करून. ताप ३८.४ अंश सेल्सिअस (नंतर मोजला). छाती आत जात नाही.’

झोपेतला आणि जागेपणीचा आकडा एकमेकांशी ताडून बघू नका. झोपेत श्वास कमी असतो. काल झोपेत ४२ आणि आज जागेपणी ५०, म्हणजे आजार वाढला असं होत नाही. घरी रोज बघणाऱ्या आईवडिलांनी एकच वेळ आणि एकच स्थिती धरावी. झोप लागल्यावर अर्ध्या तासानंतरचं एक मिनिट सगळ्यात सोपं.

यंत्रावर किती भरवसा ठेवावा

बोटाच्या पल्स ऑक्सिमीटरवर दिसणारा दुसरा आकडा बहुधा नाडीचा असतो, श्वासाचा नाही. तो श्वासाच्या रकान्यात लिहिला जातो, म्हणून हे सांगावं लागतं. छातीला पट्ट्या लावून श्वास मोजणारे मॉनिटर झोपलेल्या मुलात बरे चालतात. मूल हललं की हालचाल श्वास म्हणून धरतात आणि उथळ श्वास सोडूनही देतात. पडद्यावरचा आकडा विचित्र वाटला, तर डोळ्यांनी मोजा आणि डोळ्यांचा आकडा खरा माना.

प्रत्येक श्वासाला पडद्यावर बोट टेकवायची अॅप्स कामाची आहेत, पण त्यातली काही थोडेच श्वास टेकवून घेतात आणि मिनिटाचा हिशोब स्वतः करतात. म्हणजे तोच गुणाकार, फक्त फोनने केलेला. अॅप वापरायचंच असेल तर पूर्ण मिनिट टेकवायला लावणारं निवडा.

आकडा काय सांगत नाही

जलद श्वास म्हणजे न्यूमोनियाच, असं नाही. तीव्र रक्तक्षय, हृदयाचे आजार, शरीरात आम्ल वाढणं, हिवताप यांतही श्वास वाढतो. ही मूल निवडण्याची चाळणी आहे, निदान नव्हे.

उलट बाजू जास्त घातक. काल ६५ होते, आज ४५ झाले, म्हणून सुटकेचा निःश्वास टाकण्याआधी मुलाकडे बघा. ते खेळतंय, पितंय, डोळ्यांत तेज आहे, तर खरंच बरं वाटतंय. ते गळून गेलंय, छाती अजूनही आत जातेय, डोळे अर्धवट मिटलेत, तर ते श्वास घेऊन थकलंय. अशा वेळी कमी आकड्याचा आधार घेऊन वाट बघू नका, लगेच हलवा.

सराव कसा करावा

पहिले दहा-बारा मिनिटं निरोगी, झोपलेल्या मुलांवर घालवा. मग दोघांनी एकाच मुलाचा तोच मिनिट मोजायचा, एकमेकांना न सांगता आकडा कागदावर लिहायचा आणि मग उघडायचा. फरक दोनच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर कोण चुकलं यावर वाद घालू नका. दोघं कुठली खूण बघत होता, पहिला श्वास कुठला धरला, ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आईवडिलांची परवानगी घेऊन पोटाचा मिनिटाहून थोडा लांब व्हिडिओ काढला, तर सराव आणखी पक्का होतो. चेहरा घेऊ नका, फोन हातात न धरता कशाला तरी टेकवून ठेवा, म्हणजे हाताची थरथर पोटाची हालचाल वाटणार नाही. आधी नेहमीच्या वेगात मोजा, मग अर्ध्या वेगात चालवून एकेक श्वास तपासा. अर्ध्या वेगाला मिनिटाचे दोन मिनिटं होतात, हे मात्र टायमर लावताना लक्षात असू द्या.